चाकोरी

आमच्या भाषेंतील कांहीं शब्दांचें नशीब मोठें चमत्कारिक आहे. त्यांचा मूळ अर्थ वाटेवरच्या धुळींत राहून जातो आणि लाक्षणिक अर्थ तेवढा शहरांत येऊन सभ्य समाजांत वावरूं लागतो. ‘चाकोरी’ हा त्यांपैकींच एक शब्द होय. एखाद्या ग्रंथकारास चाकोरींतला म्हटलें कीं त्याचा पाणउतारा झाला आणि चाकोरीबाहेरचा म्हटलें कीं त्याची स्तुति झाली, असें आम्ही आजवर समजत आलों. इतकेंच नव्हे, तर पस्तीस वर्षें शाळेंत मराठी शिकवीत असतां मुलांच्या निबंधांवर ‘चाकोरी सोडा’ असा शेरा लाल शाईनें आम्हीं किती वेळां मारला असेल याची गणतीच नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्याच तालुक्यांतील एका गायरानावर जो प्रसंग घडला, त्यामुळें या शब्दाकडे पुन्हां एकदां मुळापासून पाहाण्याची पाळी आमच्यावर आली. तो प्रसंग आमच्या मोठेपणाचा नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

चाकोरी म्हणजे गाडीच्या दोन चाकांनीं जमिनींत पाडलेल्या दोन खोल रेघा. आमचें आजोळ कारंज्यापासून कांहीं कोसांवर. मुर्तिजापुराहून यवतमाळाकडे जाणारी ‘शकुंतला’ गाडी त्या काळीं धूर सोडीत कारंज्यास येई. आतां ती बंद पडली आहे. स्टेशनाबाहेर मामांची बंडी जुंपून उभी असे. चाकाच्या लोखंडी धावेचा खडखडाट, वंगणाचा वास आणि बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा नाद यांच्या सोबतीनें आम्ही रात्रीं आजोळीं पोंचत असूं. धुरकरी म्हातारा गाणें म्हणतां म्हणतां पेंगूं लागे, तरी बंडी वाट चुकत नसे. कारण चाकें एकदां चाकोरींत बसलीं म्हणजे बैलांना दुसरीकडे जावेंसें वाटलें तरी जातां येत नसे. एकदां ऐन श्रावणांत चाकोरींत इतका चिखल झाला होता कीं बंडी पावलोपावलीं रुतूं लागली. बाजूस हिरवेंगार गवत पसरलें होतें. ‘बाबा, गवतावरून कां नाहीं नेत?’ असें आम्हीं त्यास विचारलें. तो खालीं उतरून चाकास खांदा देत होता. मान वर न करतांच तो म्हणाला, ‘थे गवत गावाचं हाय, बापू. गाडी आपली हाय.’

हे शब्द त्या वेळीं आमच्या कानांवरून गेले. ते मनांत कोठें जाऊन बसले होते, याचा पत्ता आम्हांला साठ वर्षांनीं लागला.

वाशीम जिल्हा वयानें लहान आहे. अकोला जिल्ह्यांतून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजीं. परंतु ही भूमि जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचें वत्सगुल्म. कारंजें हें नृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान म्हणून साऱ्या दत्तभक्तांस ठाऊक. बाहेरचा पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास बालाजीचें देऊळ दाखवितों, पद्मतीर्थ दाखवितों, कारंज्याचे जुने वाडे आणि जैन मंदिरें दाखवितों. माळरान मात्र कोणी दाखवीत नाहीं. ज्या जमिनीवर झाड नाहीं आणि पीकहि नाहीं ती ओसाड, असा समज इंग्रजी अमदानींतील महसुली दप्तरांनीं आमच्या डोक्यांत घातला, तो अद्यापि गेलेला नाहीं. कुसळी, पवन्या, मारवेल यांनीं भरलेलें रान आमच्या कागदांवर ‘पडीक’ ठरतें. त्याच पडीक रानांत काळविटांचे कळप राहातात. २००० सालीं सरकारनें कारंजा-सोहोळ येथें काळविटांसाठीं अभयारण्य केलें, त्याचें क्षेत्र उणेंपुरें १८ चौरस किलोमीटर. काळविटांस मात्र सरकारची हद्द वाचतां येत नसल्यामुळें तीं आजूबाजूच्या गायरानांवर आणि शेतांतूनहि हिंडतात.

या प्राण्याविषयीं एक गोष्ट आम्ही फार उशिरां शिकलों. काळवीट हें पळण्याबद्दल प्रसिद्ध. तासास ऐंशी किलोमीटरपर्यंत त्याचा वेग जातो. परंतु नुकतें जन्मलेलें पाडस पळत नाहीं. आई त्यास गवतांत निजवून दूर चरावयास जाते आणि संकट आलें कीं तें जमिनीला चिकटून निपचित पडून राहातें. पळणें हें ज्या जातीचें ब्रीद, तिचें पोर पहिले कांहीं दिवस न हलण्यांतच आपलें रक्षण मानतें. लांडग्याच्या डोळ्यांस फसविण्यास ही युक्ति पुरते. चाकास डोळेच नसतात. टिटवीचेंहि तसेंच. ती घरटें म्हणून बांधीत नाहीं. मुरमाड जमिनींत थोडासा खळगा करून त्यांत ती बहुधा चार अंडीं घालते. तीं मुरमाच्या खड्यांसारखीं दिसतात, हेंच त्यांचें छप्पर आणि हीच त्यांची भिंत. आणि ज्यास पाहाण्यासाठीं पक्षिवेडे लोक लांबलांबून अकोला-वाशीमकडे येतात, त्या तणमोराचा नर पावसाळ्यांतच गवतांतून उंच उड्या मारून मादीस बोलावितो. म्हणजे आषाढ-श्रावणांत हें रान रिकामें दिसतें तेव्हांच तें सर्वांत अधिक भरलेलें असतें.

आतां त्या प्रसंगाकडे वळूं. २०२५ च्या आषाढांत आमचा भाचा पुण्याहून आला. तो संगणकाच्या धंद्यांत आहे, चांगला मिळवितो, आणि मनानें सरळ आहे. त्यानें नवी जीप घेतली होती. चारहि चाकांस इंजिनाचा जोर मिळणाऱ्या या गाडीस ही मंडळी ‘फोर बाय फोर’ म्हणतात, आणि ती घेऊन रस्ता नसलेल्या ठिकाणीं जाण्यास ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात. रविवारीं पांचपन्नास गाड्या मिळून घाटमाथ्यावर चिखल तुडवावयास जातात, असें त्यानें मोठ्या उत्साहानें सांगितलें. आम्हीं नापसंती दाखविली. तेव्हां तो हंसून म्हणाला, ‘मामा, रस्त्यावरून तर कोणीहि गाडी चालवील. माणसानें चाकोरी सोडावी, हें तुम्हींच ना शिकवलेंत आम्हांला?’

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसरी गोष्ट अशी कीं, आमच्या गुडघ्यांनीं आम्हांस दोन वर्षांपूर्वींच रजा दिली आहे. हमरस्त्यावर उतरून गायरानाच्या टेकाडापर्यंत जाणारी अर्ध्या कोसाची वाट आतां आमच्यानें चालवत नाहीं. बालपणीं ज्या टेकाडावर आम्ही बोरें वेंचलीं तें पुन्हां पाहावयास मिळेल अशी आशाच आम्हीं सोडली होती. भाच्यानें हें नेमकें हेरलें. ‘तुम्ही नुसते बसा, टेकाडावर नेऊन उभें करतों,’ असें तो म्हणाला, आणि आम्ही बसलों.

खरें सांगावयाचें तर आम्हांला आनंद झाला. पाऊस नुकताच उघडला होता. जुन्या चाकोरींत पाणी सांचलें होतें, म्हणून भाच्यानें ती सोडून गाडी गवतावर घातली. ज्या गवतास शिवूं नये म्हणून एक म्हातारा चिखलांत खांदा देत होता, तें गवत आमच्या खालून सळसळत गेलें. टेकाडावरून सारा माळ दिसला. दूर वीस-पंचवीस काळविटांचा कळप होता. इंजिनाचा आवाज ऐकतांच तीं उसळलीं आणि कमानी काढीत पळालीं. आमच्या छातींत दहा वर्षांचें पोर जागें झालें. भाचा गाडी थांबवीत होता. आम्हींच म्हटलें, ‘अजून थोडी पुढें घे.’ हे शब्द आमचे होते. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं ते विसरूं नयेत.

थोड्याच अंतरावर टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागली. भाच्यानें गाडी थांबविली, पण चाक तोंवर पुढें गेलें होतें. उतरून पाहातों तों चाकाच्या नक्षीदार ठशांत दोन अंडीं चिरडलेलीं आणि दोन त्याच्या कांठावर शाबूत. भाच्याचा चेहरा उतरला. एरवीं क्षणोक्षणीं छायाचित्रें घेणारा तो मुलगा, त्यानें खिशांतून फोन काढला नाहीं. ‘दिसलींच नाहींत, मामा,’ एवढेंच तो म्हणाला. तें खरेंच होतें. दिसूं नयेत म्हणूनच तीं तशीं असतात. दूर बाभळीखालीं घोंगडी पांघरलेला एक गुराखी आमच्याकडे पाहात उभा होता. आम्ही कांहीं न बोलतां परतलों. पंचतंत्रांतल्या टिटवीनें समुद्रानें नेलेलीं अंडीं परत मिळविलीं, कारण तिच्या पाठीशीं गरुड आणि गरुडाच्या पाठीशीं विष्णु उभा राहिला. आमच्या गायरानावरच्या टिटवीच्या वतीनें उभें राहाणारें त्या दिवशीं तेथें कोणी नव्हतें.

दहाबारा दिवसांनीं त्याच गांवचे तीन गृहस्थ आमच्याकडे आले. दोघे आमचे जुने विद्यार्थी. त्यांचें म्हणणें असें कीं, सुटीच्या दिवशीं शहरांतून मोटारसायकली आणि जीपा गायरानावर येतात, ओल्या जमिनींत गोल गोल फिरून चिखल उडवितात, आणि गुरांचें गवत नासतें. ग्रामसभा जवळ आली आहे; वाटेच्या दोन्हीं तोंडांशीं चर खणून मोठे धोंडे टाकावे असा ठराव आणावयाचा आहे; तर गुरुजींनीं अर्ज लिहून द्यावा. आमच्या जीपेविषयीं त्यांना माहिती असल्याचें दिसलें नाहीं. आम्हीं तेंहि सांगितलें नाहीं. त्याच रात्रीं आम्हीं अर्ज लिहिला. काळी जमीन ओली असतां दाबली गेली म्हणजे ती घट्ट होते, चाकाच्या खाचेंतून पाणी धांवूं लागतें आणि दोनतीन पावसाळ्यांत खाचेची ओघळ होते. बरडावर तर मातीचा थर बोटभरच, तो एकदां खरवडला कीं तेथें गवत पुन्हां येण्यास वर्षें लागतात. हें सर्व त्यांत लिहिलें. चिरडलेल्या अंड्यांचें वर्णनहि केलें, मात्र चिरडणाऱ्यांचें नांव न घालतां. आमच्या लेखणीस इतका जोर कित्येक वर्षांत आला नव्हता. अपराधी माणसाच्या लेखणीस तो बहुधा येतोच.

अर्जास कायद्याचा आधार असावा म्हणून आम्हीं थोडें वाचन केलें. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें २७ वें कलम अभयारण्यांत कोणास जातां येईल हें सांगतें. कामावरचा सरकारी नोकर, परवाना मिळालेला मनुष्य, आंत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक हमरस्त्यानें नुसता पार जाणारा, आणि या लोकांचीं अवलंबून असलेलीं माणसें. ही यादी वाचून आम्हांला नवल वाटलें. कायद्यानें चाकें आणि पाय असा भेद केलेला नाहीं. ‘तुझें येथें काय काम आहे?’ असा प्रश्न केला आहे. परंतु आमचें गायरान अभयारण्याच्या बाहेर. तेथें हें कलम लागूं नाहीं. गायरानाची जमीन १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानें गुरांच्या चराईसाठीं राखून ठेवलेली असते, आणि गांवच्या सामाईक जमिनींवरचीं अतिक्रमणें दूर करावीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बजावलें आहे. मात्र दोन तास येऊन चिखल उडवून जाणाऱ्या जीपेस अतिक्रमण म्हणावें कीं काय, हें कोणतेंच पुस्तक आम्हांस सांगेना.

हा वाद आमच्याच नशिबीं आला आहे असेंहि नाहीं. ज्या वर्षीं आपला वन्यजीवांचा कायदा झाला, त्याच वर्षीं, ८ फेब्रुवारी १९७२ रोजीं, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीं सार्वजनिक जमिनींवर रस्ता सोडून फिरणाऱ्या वाहनांविषयीं एक हुकूम काढला. कोणत्या वाटा व कोणतीं रानें या वाहनांस मोकळीं आणि कोणतीं बंद हें ठरवून द्यावें, आणि तें ठरवितांना माती, झाडोरा, प्राणी व इतर माणसें यांस कमींत कमी उपद्रव होईल असें पाहावें, हा त्याचा मथितार्थ. २००५ सालीं तेथील वनखात्यानें नेमून दिलेल्या वाटांवरच वाहनें चालावींत असा नियम केला. तरी भांडण मिटलेलें नाहीं. पायीं हिंडणारे म्हणतात, आम्हांला शांतता हवी. वाहनवाले म्हणतात, रान सर्वांचें आहे, आणि ज्यांचे पाय थकले त्यांनीं तें कसें पाहावें? हें शेवटचें वाक्य वाचतांना आमचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला. बंदीचा अर्ज लिहिणारा मनुष्य त्या वाक्यांत आपलेंच गाऱ्हाणें वाचीत होता.

अर्ज गांवांत फिरला आणि चार दिवसांनीं एक म्हातारा शेतकरी आमच्या दारीं आला. गायरानाच्या पलीकडे त्याचें सात एकर वावर. ओसरीवर बसून पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, ‘गुरुजी, तुमी लेखलं थे चांगलं लेखलं. पन माह्यं वावर तिकडं हाय. सोयाबीन काय डोक्शावर आनू?’ मग त्यानें सांगितलें कीं, आदल्या वर्षीं त्याच्या सुनेस रात्रीं कळा सुरू झाल्या, ती वावरांतल्या झोंपडींत होती, आणि त्याच वाटेनें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून तिला हमरस्त्यावर आणावें लागलें. आई आणि मूल दोघेंहि वांचलीं. ‘तवा तिथं गोटे असते त?’ असें विचारून तो गप्प बसला. उठतांना मात्र तो म्हणाला, ‘हरनं वावर खातेत, रोही खातेत. आता वाट बी त्यायलेच देता काय?’

यास काय उत्तर देणार? रोह्यांनीं आणि हरणांनीं एका रात्रींत उडविलेलें पीक आम्हीं पाहिलें आहे. सरकार भरपाई देतें. पण भरपाईचा कागद चालत येतो आणि रोही धांवत येतो. शेतास वाट असावी म्हणून जमीन महसूल अधिनियमांत १४३ वें कलम आहे, वाट अडविली तर ती मोकळी करून देण्यास १९०६ सालचा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, आणि २०२१ सालीं सरकारनें पाणंद रस्त्यांसाठीं मातोश्रींच्या नांवानें योजनाच काढली. एकीकडे शेतकरी वाटेसाठीं आयुष्यभर कज्जे लढतो, आणि दुसरीकडे आम्ही सुंदर मराठींत ती बंद करण्याचा अर्ज लिहितों. जीपवाल्याची मौज थांबविण्यासाठीं टाकलेला धोंडा प्रत्यक्षांत कोणाच्या छातीवर पडणार, हा विचार आम्हांस शिवलाच नव्हता.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांत माथेरानची बातमी आली. माथेरान हें आपल्या महाराष्ट्रांतील वाहनबंदीचें सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें तें उजेडांत आणलें, १९०७ सालीं नेरळहून आगगाडी चढली, पण मोटारीस तेथें प्रवेश नाहीं. ती दस्तुरी नाक्यावर थांबते. २००३ सालीं केंद्र सरकारनें त्या परिसरास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविलें. आम्ही तरुणपणीं तेथें गेलों होतों आणि लाल मातीच्या त्या निःशब्द वाटा पाहून हरखून गेलों होतों. परंतु त्या निःशब्दतेची किंमत कोण देत होतें, हें आम्हीं तेव्हां पाहिलें नाहीं. मोटार नाहीं म्हणून चढावर माणसांच्या गाड्या माणसेंच ओढीत होतीं. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांच्या आंत ती बंद करण्यास आणि त्या कष्टकऱ्यांस विजेवरच्या रिक्षा देण्याची सोय पाहाण्यास सांगितलें. त्याच निकालांत दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर फरशीचे ठोकळे बसविण्यास मुभा दिली, पण आंतल्या वाटा आणि पायवाटा मातीच्याच ठेवाव्या असें बजावलें.

हा निकाल आम्हीं दोन वेळां वाचला. त्यांत ‘सर्व बंद’ नाहीं आणि ‘सर्व खुलें’ हि नाहीं. ओझें माणसाच्या खांद्यावरून उतरलें पाहिजे, म्हणून एक वाट चाकांस दिली. आणि रान रान राहिलें पाहिजे, म्हणून चाकांनीं तीच एक वाट धरावी असें ठरविलें. एवढ्या लांबून फिरून आम्ही शेवटीं आमच्या धुरकऱ्यापाशीं येऊन पोंचलों. त्यानें बंडी कधीं घरीं ठेविली नाहीं. ती रोज त्याच रानांतून नेली. पण चाकोरींतून नेली. शेंकडों बंड्या शंभर वर्षें त्या गायरानावरून गेल्या असतील. त्यांनीं नासलेली जमीन म्हणजे दोन हातभर रुंद रेघा. आमच्या एका जीपेनें अर्ध्या तासांत त्याहून अधिक तुडविलें. दोष चाकांत नव्हता, इंजिनांतहि नव्हता. आपल्या जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. त्यावरून गाड्या तासास एकशें वीस किलोमीटर वेगानें जातात. पण त्या आपल्या रेघेंत राहातात, म्हणून प्राण्यांनीं कोठून जावें याचा विचार करून खालून-वरून मार्ग ठेवतां तरी आले. जें वाहन कोठूनहि जाऊं शकतें, त्याच्यापासून बाजूस सरण्यास पाखरास जागाच उरत नाहीं. चाकोरी ही गाडीस घातलेली बेडी आहे असें आम्ही समजत होतों. वास्तविक ती बाजूच्या गवतास दिलेलें वचन आहे.

स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेस आम्ही गेलों. अर्ज वाचला गेला, वाद पेटला. गाईम्हशींवाले एका बाजूस, पलीकडच्या वावरांचे धनी दुसऱ्या बाजूस. तरुणांपैकीं एकदोघे म्हणाले, बाहेरून गाड्या येतात तर चहाच्या टपऱ्यांस दोन पैसे मिळतात, तेहि कां घालवावे? शेवटीं तो घोंगडीवाला गुराखी उभा राहिला. तो म्हणाला, ‘अंडे फोडले थ्या गाडीत कोन बसलं होतं, मले मायीत हाय. पन मी नाव घेनार नायी.’ त्यानें आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. त्याच्या त्या न पाहाण्यानें आमच्या कानशिलांत जी ऊब आली ती अजून गेलेली नाहीं. शाळेंत पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस ‘चूक कबूल करा’ असें सांगितलें. आतां त्यांच्याच बापांसमोर तो धडा म्हणून दाखविण्याची वेळ आली. आम्ही काठी टेकून उठलों आणि म्हटलें, ‘त्या गाडींत आम्ही होतों. ती पुढें घे असें सांगणारेहि आम्हीच.’

सभा क्षणभर शांत झाली. मग कोणीतरी हंसलें, आणि तें हंसणें आमच्या अपेक्षेइतकें वाईट नव्हतें. आम्ही स्वतःचा अर्ज मागें घेतला आणि दुसरा तेथेंच तोंडीं सांगितला. वाट बंद करूं नये. दोन्हीं तोंडांशीं चर किंवा धोंडे नकोत. ज्यांचीं वावरें पलीकडे आहेत त्यांचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, बंड्या बारा महिने जाव्या. आजारी माणूस असेल तर कोणाचीहि गाडी जावी. जुन्या चाकोरीवर गांवानें मुरूम टाकावा, म्हणजे चिखल टाळण्यासाठीं गवतांत शिरण्याचें निमित्त उरणार नाहीं. चाकोरीच्या दोहों बाजूंस ठिकठिकाणीं दगड रोंवावे, आणि त्यांपलीकडे, ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत तर मुळींच, कोणाचेंहि चाक जाऊं नये. पाहुण्याचें नाहीं, सरपंचाचें नाहीं, गुरुजींच्या भाच्याचें नाहीं. पलीकडच्या वावराच्या म्हाताऱ्यानें प्रथम हात वर केला. गुराख्यानें थोडा वेळ विचार केला आणि मग त्यानेंहि केला.

ठरावानें स्वर्ग उतरला असें नाहीं. मुरूम अर्ध्याच वाटेवर पडला आहे. दगड रोंवले त्यांतले दोन कोणीतरी उपटून नेले. एका रविवारीं बाहेरच्या मोटारसायकली आल्या तेव्हां गांवच्या पोरांनीं त्यांस समजावून परत पाठविलें. दुसऱ्या वेळीं त्यांनीं ऐकलें नाहीं. शेतकऱ्याचें सोयाबीन मात्र ट्रॉलींतून आलें, आणि त्या ट्रॉलीचीं चाकें चाकोरींतून ढळलीं नाहींत हें आम्हीं स्वतः पाहिलें. भाच्यास सर्व हकीकत फोनवर सांगितली. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, ‘मामा, मग तुम्ही टेकाडावर कसे जाणार?’ त्याच्या मनांत पहिल्यानें तेंच आलें, यावरून मुलगा बिघडलेला नाहीं अशी आमची खात्री झाली.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, आम्ही जाणार नाहीं. दिवाळीनंतर एकदां त्या शेतकऱ्यानें आम्हांस ट्रॅक्टरवर बसवून नेलें. चाकोरी जेथें टेकाडाच्या पायथ्यास वळसा घालते तेथें एक बाभूळ आहे. तेथें तो आम्हांला उतरवून वावरांत गेला. तेथून टेकाडाचा माथा दिसतो, पण पलीकडचा माळ दिसत नाहीं. गवत पिंवळें पडलें होतें आणि कुसळें धोतरास चिकटत होतीं. काळवीट एकहि दिसलें नाहीं. आषाढांत आमच्या जीपेनें पाडलेला पट्टा मात्र पिंवळ्या गवतांत अजून उघडा दिसत होता. टेकाडाच्या वर कोठेंतरी टिटवी ओरडत होती. संध्याकाळीं ट्रॅक्टर परत येईपर्यंत आम्ही बाभळीखालीं बसून होतों.